शैलजा, मार्गे घर

काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटली : 'वर्ग सापडला नाही.'

"घ्या," उदयराव म्हणाले. "अख्खी हयात शाळेत गेली आणि आता बाईंना वर्ग सापडंना झालाय."

सोफ्यावर बसलेल्या शैलजाबाईंनी नुसतं बघितलं. बोलता येत नसलं तरी त्या बघण्यातलं 'पुरे' उदयरावांना इतक्या वर्षांच्या संसारानंतर नीट वाचता येत होतं. त्यांनी गुपचूप पुण्याला लेकीला फोन लावला.

"ऋतुजा, आईच्या बोलायच्या पेटीची गाडी सुरू होईना."

"काय टाइप केलंत, पप्पा? वाचून दाखवा."

उदयरावांनी खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. आवाजाचं काय, तो त्यांच्या पोटापाण्याचाच होता. एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून सारी नोकरी कोल्हापूरच्या स्टँडवर माईकसमोर गेली होती. 'कोल्हापूर-रत्नागिरी, मार्गे मलकापूर, आंबा' हे त्यांनी ज्या ठसक्यात वर्षानुवर्षं सांगितलं, त्याच ठसक्यात ते आता म्हणाले, "बोल मार्गे शाळा गाव शैलजा."

"मार्गेच्या आधी आडवी रेघ हवी. आणि शाळा नि गाव यांच्यामध्ये विसर्ग. नाहीतर पेटीला वाटतं, मार्गे हेच माणसाचं नाव आहे. ती बिचारी मार्गे नावाच्या बाईला शोधत बसली."

"मग सापडली न्हाई ते बरंच झालं," उदयराव म्हणाले आणि बायकोकडे बघून डोळा मिचकावला.

त्यांनी रेघ दिली, विसर्ग दिला, बटण दाबलं. फळीवरच्या पेटीचा हिरवा दिवा लागला. शैलजाबाईंच्या गळ्यातल्या लॉकेटएवढ्या स्पीकरमधून त्यांचाच आवाज आला, "सुप्रभात. आज आपण कोठून सुरुवात करणार आहोत?"

माणूस बोलतो म्हणजे दोन कामं करतो, हे उदयरावांना या आजारपणात पहिल्यांदा कळलं होतं. काय म्हणायचं ते मेंदूत एका ठिकाणी ठरतं आणि ठरलेलं शब्दांत बसवून जिभेकडे धाडायचं काम दुसरीकडे चालतं. शैलजाबाईंचं पहिलं ठिकाण शाबूत होतं. दुसऱ्याचा रक्तपुरवठा हिवाळ्यातल्या एका सकाळी, पोह्यांना फोडणी घालता घालता, अडला आणि एक हातही लुळावला. तेव्हापासून त्यांना कळत सगळं होतं, म्हणायचं सगळं होतं, आणि तोंडातून एखादंच अक्षर कसंबसं बाहेर पडत होतं. गावभर भूगोलाच्या मगदूम बाई म्हणून ज्यांच्या आवाजाचा दरारा, त्या बाई पाणी मागायला बोटाने तांब्या दाखवू लागल्या. उदयरावांना ते बघवत नसे. ते मोरीत जाऊन तोंड धुऊन येत.

ऋतुजा पुण्यात एका प्रयोगशाळेत वाचापेटी बनवणाऱ्या गटात होती. पेटी अजून बाजारात आली नव्हती. निवडक रुग्णांवर तिची चाचणी चालू होती. कानामागे कातडीखाली केसासारख्या बारीक तारा बसवायच्या. त्या तारा मेंदूत उठलेला मतलब टिपतात आणि पेटी तो घेऊन त्याला जुळणाऱ्या साच्याच्या शोधात निघते. अशा साच्याला संगणकवाले वर्ग म्हणतात. एकेका वर्गात एकेक शब्द, नाहीतर आख्खं वाक्यच. त्याचा उच्चार, त्याचा हेल, मध्ये श्वास कुठे घ्यायचा, सगळं बांधून ठेवलेलं. साचा मिळाला की स्पीकर बोलतो. पण साचे शोधायचे कुठे, हे पेटीला सांगावं लागतं, आणि तेही क्रमाने.

"पप्पा, गाडीच्या पाटीवर तुम्ही मार्गे लिहायचा ना, तसंच हे," ऋतुजाने पहिल्या दिवशीच समजावलं होतं. "पेटी पहिल्या थांब्यावर जाऊन विचारते, हा साचा आहे का? असला तर तो घेऊन तिथूनच माघारी. पुढचे थांबे ती बघतसुद्धा नाही. नसला तरच पुढे जाते."

"आणि कुठल्याच थांब्यावर नसला तर?"

"तर म्हणते, वर्ग सापडला नाही."

हे उदयरावांना लगेच पटलं. पेटीला रंगीबेरंगी बटणांचं ॲप अजून नव्हतं, ते यायला दिवाळी उजाडणार होती. तोवर रोज सकाळी काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून ती सुरू करायची. बापाला सोपं जावं म्हणून ऋतुजाने आज्ञांचे शब्द मराठीत करून दिले होते. तिने मेसेजवर पाठवलेली ओळ उदयरावांनी दोनदा वाचली, जरा नीटनेटकी केली आणि पाठ करून टाकली. बोल म्हणजे सुरू हो. मार्गे म्हणजे इथून इथून शोध. शेवटी जिचं बोलणं चालवायचं तिचं नाव.

पहिला थांबा 'शाळा'. लॉकडाऊनच्या काळात शाळा मोबाइलवर भरायच्या, तेव्हा बाईंनी भूगोलाचे तासच्या तास रेकॉर्ड करून ठेवले होते. आवाज स्वच्छ, उच्चार घासूनपुसून. दुसरा थांबा 'गाव', म्हणजे कुणाच्याही तोंडी असणारी साधारण मराठी. शाळेत मिळालं नाही तर गावात मिळेल, असा हिशेब.

आणि बाई बोलू लागल्या. पहिल्या दिवशी उदयरावांनी चहा पुढे केला, तर बाई म्हणाल्या, "धन्यवाद. मी चहा घेते. चहा हे आसाममधील प्रमुख पीक आहे."

उदयराव इतके हसले की त्यांचा स्वतःचा चहा सांडला. शैलजाबाईही हसल्या; हसणं त्यांचं होतं तसंच, खांदे हलवून, बिनआवाजाचं होतं. आमटीत मीठ कमी पडलं तर मिठागरांची माहिती मिळे. ऋतुजाची तान्ही लेक ईशानी आजारपणानंतर जन्मलेली, तिचं नाव कुठल्याच तासात नव्हतं. व्हिडिओ कॉलवर आजी तिला कौतुकाने "ईशान्य" म्हणू लागली. जावयाने तर त्यावरून बाळाला 'मोसमी वारे' असं नाव ठेवून दिलं.

हसण्यावारी काही दिवस गेले. मग उदयरावांना चुकल्या-चुकल्यासारखं होऊ लागलं. घरात शैलजा नव्हती, मगदूम बाई राहायला आल्या होत्या. त्या 'मी येते' म्हणत, 'मी बसते' म्हणत, 'कृपया दार लावा' म्हणत. आता कोल्हापुरातली बाई आपल्या घरात 'मी येते' कधी म्हणते? ती म्हणते, मी येतो. बाहेरगावच्या माणसाला गंमत वाटते, बाईमाणूस असून पुरुषासारखं बोलते म्हणून. पण इथे ते जन्मापासून कानात बसलेलं असतं. शैलजाबाई शाळेच्या फाटकाच्या आत 'सांगते' आणि फाटकाच्या बाहेर 'सांगतो' असं आयुष्यभर बोलल्या होत्या. उदयरावांशी लग्न फाटकाबाहेरच्या बाईचं झालं होतं.

"ऋतुजा," एका दुपारी त्यांनी फोनवर गळ घातली, "मला माझी बायको दे गं. ही मास्तरीण लई हुशार हाय, पण मला तिची भीती वाटाय लागलीय."

ऋतुजा हसली, पण तिला कळलं. ती स्वतः पुण्यात जाऊन 'येते-जाते' करायला शिकली होती आणि अजून माहेरी फोन केला की तिची जीभ दोन्हीकडे घसरायची. तिने आईचे जुने व्हॉइस मेसेज गोळा केले. वर्षानुवर्षं आईने लेकीला धाडलेले. शिवाय बारशाचे, लग्नाचे, सहलीचे व्हिडिओ. त्यांतून साच्यांचा नवा साठा तयार केला आणि त्याला नाव दिलं 'घर'.

"आता शाळेच्या आधी घर टाका, बाकी ओळ तीच."

उदयरावांनी दुसऱ्या दिवशी सकाळी एका बोटाने टाइप केलं. बोल, आडवी रेघ, मार्गे, घर, विसर्ग, शाळा, विसर्ग, गाव, शैलजा. हिरवा दिवा लागला.

"काय खुळ्यागत बघालासा?" स्पीकर म्हणाला. "दूध आणलासा काय?"

उदयराव खुर्चीवर बसले आणि रडले. मोरीत जायचंही त्यांना सुचलं नाही. शैलजाबाई उठून जवळ आल्या, त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि स्पीकर म्हणाला, "मी बरी हाय की. काळजी नगो."

त्यानंतरचे दिवस सुखाचे होते. कोल्हापूरलगतच्या कळंब्यात, तलावापासच्या त्या लहानशा घरात पुन्हा रागवारागवी सुरू झाली. तलावावर फिरायला जाताना बाई शेजारणीला "येतो गं जरा फिरून" म्हणत. शेजारीण म्हणे, "बाई, पेटी शिकालासा असं ऐकलं, आमास्नी वाटलं गाणं म्हणणार." सगळे हसत. ऋतुजा बाळाला घेऊन शनिवारी आली, तेव्हा आईने बाळाला मांडीवर घेऊन छातीशी धरलं आणि म्हणाली, "ऋतू, माझं सोनं ते." बाळाचं नाव ईशानी, ऋतू तर तिच्या आईचं. पण ऋतुजाचेच डोळे भरून आले. तिला वाटलं, आजीला नातीत लेक दिसतेय. कुणी त्याचा वेगळा विचार केला नाही.

त्याच दिवशी जेवणं झाल्यावर ऋतुजाने विषय काढला. तिच्या मनात तो बरेच दिवस घोळत होता.

"पप्पा, आई, मी काय म्हणते, तुम्ही दोघं पुण्याला या. कायमचे. आमच्याच सोसायटीत एक फ्लॅट आहे. इथे पुन्हा काही झालं तर पप्पा एकटे काय करणार? तिकडे प्रयोगशाळा जवळ, दवाखाना जवळ, ईशानी जवळ."

उदयरावांच्या हातातली सुपारी तशीच राहिली. त्यांनी बायकोकडे बघितलं. "आपलं काय? तुझी आई म्हणंल तसं."

"आई, येशील ना पुण्याला?"

मग तोच ओळखीचा हेल, "येतो की!"

ऋतुजाने आईला मिठी मारली. उदयरावांनी सुपारी तोंडात टाकली आणि ती किती तरी वेळ चघळली. हे घर त्यांनी बांधताना विटा स्वतः भिजवल्या होत्या. तलाव, स्टँडवरचे जुने दोस्त, सकाळचं फिरणं. पण शैलजा येतो म्हणाली; तिच्या स्वतःच्या तोंडाने, तिच्या स्वतःच्या बोलीत. मग आपण कोण मध्ये बोलणार? इतकं सोसून बोलू लागलेल्या बाईची पहिली इच्छा मोडायची म्हणजे पापच. त्यांनी ठरवलं, आपलं मन आपल्यापाशी ठेवायचं. ते त्यांना चांगलं जमलंही. घराला गिऱ्हाईक बघून ठेवा, असं त्यांनी शेजाऱ्याला सांगून टाकलं.

बॅगा भरायला काढल्या तेव्हा गंमत सुरू झाली. उदयरावांनी सकाळी साड्यांची चळत बॅगेत ठेवावी आणि दुपारी ती पुन्हा कपाटात दिसावी. प्रथम त्यांना वाटलं, आपल्यालाच विसरायला होतंय. मग एकदा चहा घेऊन आत आले, तर शैलजाबाई चांगल्या हाताने साड्या काढून एकेक परत कपाटात लावत होत्या.

"अगं, काय करालीस? जायाचं हाय न्हवं पुण्याला?"

"येतो की," स्पीकर म्हणाला. "सुट्टी लागू दे."

हात मात्र साड्या लावतच होते.

उदयराव चहाचा कप घेऊन तसेच उभे राहिले. सुट्टी? कसली सुट्टी? निवृत्त बाईला कुठली आलीय सुट्टी? त्यांनी कप ठेवला, बायकोसमोर पलंगावर बसले आणि तिच्या डोळ्यांत बघत जरा वेडगळच प्रश्न विचारला.

"शैले, उद्या चंद्रावर जायाचं काय?"

शैलजाबाईंच्या कपाळावर आठी चढली. ओठ हलले. डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, की असल्या खुळ्या प्रवासाला कोण जातंय असं त्यांना म्हणायचं आहे. स्पीकर मात्र गोड आवाजात म्हणाला, "येतो की. सुट्टी लागू दे."

शैलजाबाईंनी स्पीकरवर हात दाबून धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. किती दिवस त्या हे सांगायला धडपडत होत्या कुणास ठाऊक, आणि दर वेळी त्यांच्याच आवाजात त्यांच्याच विरुद्ध साक्ष होत होती. त्यांनी बायकोचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने लेकीला फोन लावला.

"ऋतुजा, तू ये. आत्ताच्या आत्ता ये. ही न्हवं ती."

ऋतुजा दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. बाळाला नवऱ्याकडे ठेवून एकटीच आली होती. चंद्राचा किस्सा ऐकून आधी ती हसली. मग तिने काळा पडदा उघडला आणि रोजची आज्ञा बघितली.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "टिंब कुठे आहे?"

"कसलं टिंब?"

"मी पाठवलेल्या ओळीत मार्गेनंतर सगळ्यात आधी एक टिंब होतं. मग विसर्ग, मग बाकीचं."

"हां, ते व्हय?" उदयराव म्हणाले. "ते मी काढलं. पूर्णविराम वाक्याच्या शेवटी असतोय, सुरुवातीला कोण देतंय? मला वाटलं, घाईत तुझं बोट पडलं. एवढ्या शिकलेल्या बाईची ओळ, तिच्या नावानं चालायची, म्हटलं शुद्ध पाहिजे." त्यांनी बायकोकडे बघितलं. "हिनंच शिकवलंय मला. माझ्या पाट्यांवरची शुद्धलेखनं तपासायची न्हवं ही."

ऋतुजाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसावं की रडावं तिला कळेना.

"पप्पा, ते पूर्णविराम नाही. टिंब म्हणजे 'इथं'."

तिने मग नीट सांगितलं. पेटीला कुठलाच मार्ग दिला नाही, तर ती आपणहून फक्त एकाच जागी शोधते, जिथे ती उभी आहे तिथे. आईच्या बाबतीत 'इथं' म्हणजे आईचा आत्ताचा मेंदू. दुखावलेला असला तरी तो नवे साचे बनवायचा प्रयत्न करतच असतो, कच्चे, अर्धेमुर्धे; पेटी ते त्या जागी टिपून ठेवते. म्हणून दवाखान्यात पहिल्यांदा पेटी लावली तेव्हा आई एखादंच अक्षर बोलायची, पण ते तिचं असायचं. मात्र एकदा का माणसाने स्वतःहून मार्ग लिहून दिला, की पेटी तेवढाच पाळते. 'इथं' आपोआप धरत नाही. ते हवं असेल तर टिंब देऊन सांगावं लागतं.

"म्हणजे गाडी सगळीकडनं फिरली," उदयराव सावकाश म्हणाले, "फक्त जिथनं सुटली त्या स्टँडवरच थांबली न्हाई."

"हो. मतलब उठतो कुठे जाण्याबद्दलचा, पुणं असो की चंद्र, हो असो की नाही. पेटी आधी घरात जाते. तिथे त्याबद्दल आईचं वर्षानुवर्षांचं एकच उत्तर आहे. मी दर वेळी बोलवायचे आणि ती दर वेळी म्हणायची, येतो की, सुट्टी लागू दे." ऋतुजाने कळफलकावरून हात उचलला. "आली कधीच नाही. आपल्याकडे येतो की म्हणजे येतोच असं थोडंच असतं? मला तेव्हा कळायचं. आता मात्र मी खरं मानलं. इतकी सुरेख बोलत होती, फोनवर आज्ञा ऐकली, पण मी ती स्वतः उघडून एकदासुद्धा तपासली नाही. मला तपासायचीच नव्हती."

शैलजाबाईंनी लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "काळजी नगो," स्पीकर म्हणाला, आणि तिघांनीही त्या स्पीकरकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

ऋतुजाने डोळे पुसले. "एक करता येईल. टिंब सगळ्यात शेवटी टाकूया. मग बोलणं असंच राहील, आणि कुठेच काही मिळालं नाही तर आईचं स्वतःचं येईल."

"शेवटी टाकून काय उपेग?" उदयराव म्हणाले. "पहिल्याच थांब्यावर पॅसेंजर मिळालं तर गाडी तितनंच फिरणार. शेवटच्या थांब्याला कोण जातंय?"

"पण पहिलं टाकलं तर आईचं हे बोलणं जाईल, पप्पा. मोडकंतोडकं येईल. एका शब्दाला किती वेळ लागेल सांगता येत नाही. कच्चा साचा मिळाला तरी पेटी तोच घेणार. पहिला मिळाला की शोध संपला. तुम्हाला पुन्हा ते सगळं..." तिने वाक्य सोडून दिलं.

उदयरावांना ते नको होतं. खरं सांगायचं तर अजिबात नको होतं. खुळ्यागत काय बघालासा म्हणणारी बायको त्यांना परत मिळाली होती, आणि आता ती आपल्या हाताने घालवायची होती. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग बायकोकडे. आपण दोघं पुन्हा तिच्या डोक्यावरून बोलतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कळफलक उचलून शैलजाबाईंच्या मांडीवर ठेवला.

"तुझं तू बघ. तुला पाहिजे तितं दे टिंब. नको असंल तर देऊ नको."

शैलजाबाईंनी घाई केली नाही. चांगल्या हाताच्या बोटाने त्यांनी पडद्यावरची खूण मागे मागे नेली. गाव ओलांडलं, शाळा ओलांडली, घराच्याही मागे गेल्या. तिथे त्यांनी टिंब दिलं आणि त्याला लागून विसर्ग दिला. मग एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि बटण दाबलं.

हिरवा दिवा लागला. स्पीकर गप्प होता.

"आई," ऋतुजाने विचारलं, "पुण्याला यायचंय तुला?"

काहीच आलं नाही. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. शैलजाबाईंचे ओठ हलत होते, मान ताठली होती. उदयरावांना स्टँडवरची सवय. माईकवर शांतता पडली की ती भरून काढायची. 'सांग की, यायचं न्हाई म्हण' असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी खालचा ओठ दाताखाली धरून ठेवला.

"मी," स्पीकर म्हणाला. आवाज खरखरीत होता, हेल नव्हता. "मी... पु... मी."

ऋतुजाने आईचा हात घट्ट धरला.

"न्हाई," शैलजाबाई म्हणाल्या. "ऱ्हातो."

शब्द दोनच. पण ते कुठल्याही साठ्यातून आलेले नव्हते. आत्ता, या खोलीत, कष्टाने घडवलेले होते. ऋतुजाच्या गालावरून पाणी ओघळलं. तिला वाईट वाटलं होतं आणि ते तिने लपवलं नाही. शैलजाबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. पुढचे शब्द जुळवायला त्यांना बराच वेळ लागला.

"तू... ये. बाळ... आण."

"आणतो," ऋतुजा म्हणाली. जिभेवरचं पुणं कुठल्या कुठे पळालं होतं. "दर शनिवारी येतो बघ मी."

उदयराव उठून उभेच राहिले. "मला ठाऊकच होतं! मी म्हणतच होतो मनात, ही न्हाई जायाची. हे घर सोडून ही कुठं..."

"मनात?" शैलजाबाई म्हणाल्या.

हा शब्द मात्र पटकन आला होता. उदयराव थांबले. बायको त्यांच्याकडे बघत होती, रोखून, वर्गात उभं केल्यासारखं.

"तुम्ही..." ती म्हणाली. श्वास घेतला. "तुम्ही... का... बोलला न्हाईसा?"

उदयरावांच्या जिभेला काही झालं नव्हतं. त्यांना तार लागत नव्हती, पेटी लागत नव्हती. सारा जन्म माईकसमोर गेला होता. आणि तरी लेकीने विचारलं तेव्हा ते म्हणाले काय, तर तुझी आई म्हणेल तसं. बाई बिचारी बोलायला धडपडत होती आणि हे बोलता येत असून तिच्या आड लपले होते.

"म्हणजे, मला..." ते म्हणाले आणि अडले.

"पप्पा, तुम्हाला पण इथेच..." ऋतुजा मदतीला धावली. शैलजाबाईंनी हात वर करून तिला थांबवलं.

"सांगा," त्या उदयरावांना म्हणाल्या. "सांगा... की."

आणि त्या थांबून राहिल्या. मघाशी ते जसे थांबले होते, तशाच. ओठ हलवले नाहीत, शब्द पुरवला नाही. उदयराव पुन्हा खुर्चीवर बसले. त्यांना बायकोपेक्षाही जास्त वेळ लागला.

"मला न्हाई जायाचं," ते अखेर म्हणाले. "तू निघालीस म्हणून निघालो होतो. तू असशील तितं मी. पण पोह्याची कढई हातात घिऊन तू खाली पडलीस न्हवं, तवापास्नं मला रोज वाटतंय, आज उठंल का न्हाई उठणार. सकाळी पेटी सुरू करायच्या आधी मी तुझा श्वास बघतो. हे कुणाला सांगितलं न्हाई. मी लई भ्यालोय, शैले."

ऋतुजा बापाकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखी बघत होती. शैलजाबाईंनी चांगला हात पुढे करून उदयरावांचं मनगट धरलं. त्यांचे ओठ हलू लागले. शब्द येत नव्हता. 'काळजी नगो' तिथेच, पुढच्याच थांब्यावर तयार होता. पण पेटी अजून तिथवर गेली नव्हती, अलीकडेच थांबून शोधत होती. दोघा बापलेकींनी वाट बघितली.

"मी..." शैलजाबाई म्हणाल्या. "मी... बी."